ला म्हणजे ती

पिझ्झा, फोटो आणि रेडिओ. हे तिन्ही शब्द मराठीत पाहुणे म्हणून आले आणि आपण त्यांना काही न विचारता पुल्लिंगी करून टाकलं. पिझ्झा खाल्ला, फोटो काढला, रेडिओ लावला. हे कोणी ठरवलं? कुठली समिती बसली नव्हती. बस ती झाली, टेबल ते झालं आणि पिझ्झा तो झाला. सगळ्या महाराष्ट्राचं त्यावर एकमत आहे, आणि कारण विचारलं तर कोणालाच सांगता येणार नाही.

इटलीत मात्र हे तिन्ही शब्द बायकांच्या रांगेत उभे आहेत. ला पीत्सा, ला फोतो, ला रादियो. त्यातले फोतो आणि रादियो ही लांबलचक स्त्रीलिंगी शब्दांची आखूड केलेली रूपं, म्हणून शेवटी ओ असूनही ती बाई. सिनेमाचं बरोबर उलटं. शेवटी आ आहे, पण मूळचा लांब शब्द पुल्लिंगी, म्हणून इल चीनेमा. म्हणजे सिनेमा आपल्याकडेही तो आणि तिकडेही तो. चार शब्दांपैकी एक जुळला. एवढ्या भांडवलावर दोन मुलांना इटालियन शिकवायची वेळ माझ्यावर आली होती, त्याची ही गोष्ट.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही पुण्याहून तोरीनोला आलो. नवऱ्याचं काम गाड्यांच्या डिझाइनचं, आणि तोरीनो हे गाड्यांचंच शहर. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. सप्टेंबरमध्ये दोघंही जवळच्या सरकारी शाळेत जायला लागली. थोरल्याला फुटबॉलने वाचवलं. मैदानात फारशी नामं लागत नाहीत, 'दे', 'धाव' आणि 'इकडे' एवढ्यावर भागतं. धाकटी मात्र गप्प झाली. घरी तोंडाचा पट्टा चालू, शाळेत एक शब्द नाही.

नव्या भाषेत पडलेली मुलं काही महिने गप्प राहून नुसतं ऐकतात, हे शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे शाळेतल्या बाईंनी पहिले दोन महिने फार मनावर घेतलं नाही. नोव्हेंबरमध्ये पालकांना बोलावतात तेव्हा मात्र त्यांनी आम्हाला प्रेमाने एक सल्ला दिला. घरी तुमची भाषा बंद करा आणि इटालियन बोला. म्हणजे ती लवकर मोकळी होईल.

घरी येताना आम्ही दोघं ट्राममध्ये त्यावरच बोलत होतो. बाईंचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण आमच्या घरात कुठलं इटालियन बोललं गेलं असतं? नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. माझं इटालियन संध्याकाळच्या वर्गातलं, आठवड्यातून दोन दिवस. मुलांना आमच्याकडून चांगली मराठी मिळू शकत होती आणि मोडकं इटालियन मिळू शकत होतं. चांगली बंद करून मोडकी द्यायची, हे काही पटेना. शिवाय सांगलीला आजी आहे. तिच्याशी ही मुलं कुठल्या भाषेत बोलणार होती?

त्या रात्री मी धाकटीला सहज विचारलं, की शाळेत तू बोलत का नाहीस गं? ती म्हणाली, "आई, मला शब्द येतात. पण शब्दाच्या आधी काहीतरी म्हणायचं असतं ना, ते मला येत नाही. इल म्हणायचं की ला म्हणायचं ते ठरेपर्यंत दुसरंच कोणीतरी बोलून जातं."

म्हणजे पोरगी घाबरलेली नव्हती. प्रत्येक नामाच्या दारात एक पहारेकरी उभा होता आणि तो तिला परवलीचा शब्द विचारत होता. मराठीत हा पहारेकरीच नाही. आपण नुसतं 'दार उघड' म्हणतो. इटालियनमध्ये 'ती दार उघड' म्हटल्यासारखं बोलावं लागतं.

इथेच मला वाट दिसली. आपण शाळेत लिंग कसं शिकलो ते आठवून बघा. तो आंबा, ती वही, ते पुस्तक. बाईंनी व्याख्या सांगितली असेल, पण ओळखायचं कसं, तर मागे तो, ती, ते लावून. कानाला जे बरं वाटेल ते बरोबर. मी धाकटीला सांगितलं, इल म्हणजे तो आणि ला म्हणजे ती. एवढंच. 'ती पोर्ता' म्हणून बघ आणि मग 'ती' काढून 'ला' ठेव.

ही नुसती मुलांना फसवायची युक्ती नाही बरं का. लॅटिनमध्ये 'तो' आणि 'ती' यांना इल्ले आणि इल्ला असे शब्द होते. बोलता बोलता ते झिजले आणि त्यांचेच इल, लो आणि ला झाले. म्हणजे इटालियन माणूस आज 'ला पोर्ता' म्हणतो तेव्हा त्याचे पूर्वज 'ती दार' असंच काहीसं म्हणत होते. आपल्या प्राथमिक शाळेतल्या बाईंची पद्धत आणि रोमन लोकांची बोली इतक्या जवळ असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

हे सगळं चालू असतानाच फेब्रुवारी २०२० उजाडला. २४ फेब्रुवारीपासून आमच्याकडच्या शाळा बंद झाल्या. आधी आठवडाभर म्हणाले, मग आणखी थोडे दिवस, आणि ९ मार्चच्या रात्री सगळा देशच बंद करण्याची घोषणा झाली. त्या वर्षी शाळा पुन्हा उघडल्याच नाहीत. सहा महिन्यांत कानावर पडलेलं इटालियन आता घराच्या चार भिंतींत विरून जाणार, हे दिसत होतं. बाई स्क्रीनवर यायच्या, पण वीस चौकोनी तोंडांत आमची गप्प पोरगी आणखीच गप्प. तेव्हा जेवणाच्या टेबलावर माझी शाळा सुरू झाली.

पास्त्याच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून चिठ्ठ्या केल्या. निळी चिठ्ठी इल, लाल चिठ्ठी ला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिकटवायची. ला सेद्या म्हणजे खुर्ची. ला फिनेस्त्रा म्हणजे खिडकी. या दोघी आपल्याकडेही ती, म्हणून मुलं खूश. मग ला कासा, म्हणजे घर. इल लिब्रो, म्हणजे पुस्तक. ला मानो, म्हणजे हात. इथे थोरल्याची कुरकुर सुरू झाली. घर ती कशी? हात ती कसा? मी म्हटलं, पुण्यात पिझ्झा तो का, याचं उत्तर तू दे, मग मी याचं देते. तो गप्प बसला. मुलांना एक गोष्ट पटवावी लागते, आणि ती मोठ्यांनाही पटवावी लागते, की वस्तूला लिंग नसतं, शब्दाला असतं. खिडकी काही बाई नाही. भाषेने सोयीसाठी केलेल्या या रांगा आहेत, आणि प्रत्येक भाषेने रांगा वेगळ्या लावल्यात.

एकवचन आणि अनेकवचनाचा पाठ सफरचंदांवर झाला. सफरचंदाला इटालियनमध्ये मेला म्हणतात आणि अनेक असतील तर मेले. मराठी कानांना याहून सोपं काय असणार? घोडा घोडे, मेला मेले. शेवटी आ असलेल्या शब्दांचं अनेकवचन ए होतं, हे आमच्या मुलांना शिकवावंच लागलं नाही. कासा कासे, पोर्ता पोर्ते, सेद्या सेद्ये, धडाधड बोलायला लागली.

पण त्यात एक मेख आहे. घोडा तो आहे आणि मेला ती आहे. मराठीत आ ऐकू आला की मन आपोआप 'तो' म्हणतं, मुलगा, घोडा, डोळा, आणि इटालियनमध्ये बरोबर उलटं. म्हणजे अनेकवचन पैकीच्या पैकी आणि लिंग शून्य! धाकटी 'इल मेला' म्हणायची. दोन दिवस मी विचार करत होते की हे कसं सोडवायचं. मग लक्षात आलं की आपल्या मराठीतच दुसरा एक कप्पा आहे. शाळा, भाषा, कला, आशा, विद्या. संस्कृतातून आलेल्या या सगळ्या आ वाल्या ती आहेत. पुण्यातल्या वर्गातल्या स्नेहा, पूजा, नेहा या मैत्रिणी तर हाडामांसाच्या ती. मग धाकटीला सांगितलं, इटालियन आ हा घोड्यातला आ नाही, शाळेतला आ आहे. स्कुओला म्हणजे शाळा, दोन्हीकडे ती. जूलिया आणि सोफिया म्हणजे पूजा आणि स्नेहा. तिने एकदा मान हलवली आणि तो घोटाळा जवळजवळ मिटला. जवळजवळ अशासाठी, की तिच्या वर्गात लूका आणि आंद्रेआ नावाचे दोन दांडगे मुलगेही होते. प्रत्येक नियमाला एक लूका असतोच.

मेला मेलेवरून घरात एक प्रसंगही घडला. मार्च संपत आला होता. आमच्या शेजारच्या लोंबार्दीतून येणाऱ्या बातम्या तुम्हाला आठवत असतील. आजी सांगलीला रोज रात्री टीव्हीसमोर बसून इटलीचे आकडे बघायची आणि सकाळी आम्हाला व्हिडिओ कॉल करायची. आम्ही हलतो बोलतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चहा जात नसे. एक दिवस फोन धाकटीने उचलला आणि आनंदाने सांगितलं, "आजी, आमच्याकडचे सगळे मेले!" पुढचं 'संपले' म्हणेपर्यंत पलीकडे आजीचा चेहरा पांढरा झाला होता. मी धावत येऊन टोपली दाखवली. आजीला श्वास परत यायला बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, "बाई गं, त्याला सफरचंद म्हण. या दिवसांत ते दुसरं नाव घेऊ नको." त्यानंतर आमच्या घरात उन्हाळ्यापर्यंत पेरे, म्हणजे नासपती, शिकवल्या गेल्या.

ओ वाले शब्द त्या मानाने गरीब. लिब्रो लिब्री, गात्तो गात्ती, रागात्सो रागात्सी. शेवटचा ओ जातो आणि ई येते. मराठीत ई म्हणजे मुलगी, म्हणून 'रागात्सी' म्हणजे अनेक मुलगे हे ऐकायला जरा विचित्र वाटतं, पण सवय होते. खरा त्रास ए वाल्यांचा. इल काने म्हणजे कुत्रा, ला नोत्ते म्हणजे रात्र. दोघांचाही शेवट ए, एक तो आणि एक ती, आणि अनेकवचन दोघांचंही ई. कानी, नोत्ती. शब्दाकडे बघून काही कळत नाही. तिथे एकच उपाय, शब्द कधी एकटा पाठ करायचा नाही. त्याच्या पहारेकऱ्यासकट पाठ करायचा. नोत्ते नाही, लानोत्ते. काने नाही, इलकाने. आडनाव लावून नाव घेतल्यासारखं.

याच सुमाराला मला मारिया मोंतेस्सोरी आठवल्या. आपल्याकडे मॉन्टेसरी म्हटलं की लाकडी ठोकळे आणि मण्यांच्या माळा डोळ्यांपुढे येतात. पण बाईंनी व्याकरणासाठीही साहित्य तयार केलं होतं. १९१६ साली आलेल्या त्यांच्या प्राथमिक शाळेवरच्या पुस्तकात व्याकरणाला मोठी जागा आहे, आणि त्यातली सुरुवातीची कार्डं नामाचं लिंग आणि वचन यांचीच. त्यांच्या पद्धतीत नाम म्हणजे मोठा काळा त्रिकोण आणि त्याच्या आधीचा इल किंवा ला म्हणजे छोटा फिकट निळा त्रिकोण. विशेषणाचा त्रिकोण मधल्या आकाराचा, गडद निळा. मुलांनी ते शब्दांच्या वर ठेवायचे. आईच्या बाजूला एक लहान मूल उभं असावं तसा तो छोटा त्रिकोण मोठ्याला चिकटून बसतो. मुलांना तो दिसतो, हाताला लागतो, आणि विसरला तर जागा रिकामी दिसते.

या बाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. आणि तीच बालशिक्षणाची कल्पना घेऊन ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. महागडं साहित्य गावात कुठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून त्यांनी ते उभं केलं. पास्त्याच्या खोक्यातून त्रिकोण कापताना मला ताराबाईंचाच जास्त आधार वाटला. इटलीची गोष्ट बोर्डीमार्गे परत इटलीत आली म्हणायची.

थोरल्याला नियमांचा नाद. त्याने एक वही केली आणि त्यात अपवादांची पोलिस ठाण्यासारखी नोंद ठेवायला सुरुवात केली. प्रोब्लेमा, तेमा, क्लीमा हे ग्रीकांकडून आलेले मा वाले शब्द आ असूनही तो, आणि अनेकवचन प्रोब्लेमी. ("आई, प्रोब्लेमाच एक प्रॉब्लेम आहे.") बार, फिल्म, स्पोर्त हे परके शब्द आणि शेवटी आघात असलेले चित्ता, काफ्फे हे अनेकवचनात बदलतच नाहीत. त्यावर तो स्वतःच म्हणाला, "आपल्याकडे हात आणि दगड पण बदलत नाहीत की. एक हात, दोन हात." आमीको म्हणजे मित्र, त्याचं आमीची होतं, पण आमीका म्हणजे मैत्रीण, तिचं आमीके. मित्र बदलतात, मैत्रिणी जुनाच आवाज धरून ठेवतात, असं त्याने वहीत लिहून ठेवलं. स किंवा झ ने जोरात सुरू होणाऱ्या पुरुषांना इल चालत नाही, लो लागतो. लो स्पेक्क्यो म्हणजे आरसा, लो झाइनो म्हणजे दप्तर. म्हणून बघा, इल स्पेक्क्यो म्हणताना जीभ अडखळते. त्यांनी जिभेची सोय बघितली एवढंच.

मला मात्र सगळ्यात जास्त आनंद झाला तो क्रियापदांपाशी. माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक इंग्रज गृहस्थ होते. 'सोनो आंदातो' पुरुषाने म्हणायचं आणि 'सोनो आंदाता' बाईने म्हणायचं, यावर ते अक्षरशः हात टेकायचे. 'मी गेलो' या वाक्यात मी पुरुष आहे हे सांगायचं कशाला, असा त्यांचा प्रश्न. माझ्या मुलांना हा प्रश्नच पडला नाही. मी गेलो, मी गेले. आम्ही तर जन्मापासून हेच करतोय. पुढची पायरी त्याहून गमतीची. पीत्सा खाल्लीस का, असं विचारलं तर इटालियन माणूस 'लो मांजाता' म्हणतो, कारण पीत्सा ती. पाव खाल्लास का, तर 'लो मांजातो', कारण पाव तो. खाणारा कोण याला महत्त्व नाही, काय खाल्लं त्याप्रमाणे शब्द बदलतो. अहो, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं! आम्ही हे तीन रंगांत करतो, यांना दोनच येतात. शिवाय इटालियन नामाची रूपं दोन, एक आणि अनेक, संपलं. आमच्या घोड्याची घोडा, घोडे, घोड्या-, घोड्यां- अशी चार. ज्या मुलांनी हे सगळं दुधाच्या दातांनी चावलंय त्यांना इटालियनचं ओझं कसलं? घरी मराठी बंद केली असती तर हीच शिडी आम्ही काढून घेतली असती.

आणि मग अंडं आलं.

अंडं म्हणजे उओवो. लो चा ओ गळून लुओवो होतं, पुल्लिंगी. मग अनेक अंडी? नियमाने उओवी व्हायला पाहिजे. पण बाजारातल्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं, ले उओवा. आणि 'ले' तर बायकांच्या अनेकवचनाचा पहारेकरी. म्हणजे एक अंडं पुरुष आणि सहा अंडी बायका! थोरल्याने वही मिटली आणि हे लोक वेडे आहेत असं जाहीर केलं. धाकटी मात्र पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हे तो पण नाही आणि ती पण नाही. हे 'ते' आहे. त्यांच्याकडे 'ते' ची चिठ्ठीच नाही ना, म्हणून अंड्याला कुठे बसायचं ते कळत नाहीये."

सहा वर्षांच्या मुलीने हे म्हटलं आणि ते शब्दशः खरं आहे. लॅटिनमध्ये संस्कृतसारखीच तीन लिंगं होती. ओवुम नपुंसकलिंगी, अनेकवचन ओवा. पुढे बोलणाऱ्यांच्या तोंडून नपुंसकलिंग हळूहळू नाहीसं झालं. एकेकटे नपुंसकलिंगी शब्द ओ च्या जोरावर पुरुषांत जाऊन बसले, आणि काहींचं अनेकवचन शेवटच्या आ मुळे बायकांत मोजलं गेलं. हाड म्हणजे ओस्सो, हाडं ओस्सा. दंड म्हणजे ब्राच्चो, दोन्ही दंड ब्राच्चा. गुडघे, ओठ, सगळे त्याच वाटेने गेले. बोट, म्हणजे दीतो, हा मूळचा लॅटिनमध्ये पुल्लिंगी, पण तोही या टोळीत मागाहून शिरला आणि अनेकवचनात दीता झाला. काही शब्दांचं तर अनेकवचनच नवीन एकवचन झालं. पान नपुंसकलिंगी होतं, पानं म्हणजे फोलिया. आज ला फोल्या म्हणजे एक पान, आणि ती स्त्री.

अंडं, हाड, पान. आपल्याकडे आजही ही तिन्ही ते आहेत. हिंदीनेही नपुंसकलिंग सोडलं, आपण, कोकणीने आणि गुजरातीने ते धरून ठेवलं. त्यामुळे इटालियन मुलं जे अपवाद म्हणून घोकतात त्यातलं बरंचसं आमच्या मुलीला कानानेच ओळखता आलं.

१४ सप्टेंबर २०२० ला शाळा उघडल्या. काही चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पहिले आठ दिवस ती गप्पच होती. नंतर एक दिवस बाहेर येऊन म्हणाली की आज बाईंनी फळ्यावर चित्र काढून हे काय विचारलं, आणि मी सांगितलं. काय सांगितलंस? "ले फोल्ये. त्या पानं." त्यानंतर ती शाळेत कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. बाई पुढच्या भेटीत म्हणाल्या, बघा, घरी इटालियन बोलल्याचा किती फायदा झाला! मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं, आणि मग त्यांनी अंड्याची गोष्ट वहीत लिहून घेतली. मला ते आवडलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याला आता काही वर्षं झाली. मुलं माझ्यापेक्षा चांगलं इटालियन बोलतात, माझे इल आणि ला दुरुस्त करतात. पाण्याची वाट मात्र उलटी झालीय. धाकटी परवा आजीला सांगत होती, "आजी, आमची नवीन घर खूप मोठी आहे." कासा ती, म्हणून घर ती. मग कधी दूध सांडला, कारण लात्ते तो. पाणी आली, कारण आक्वा ती. एकदा तर चंद्र दिसली, कारण लूना ती. आजी एवढंच म्हणाली, "हिंदीवाल्यांसारखी बोलायला लागलीय की गं." हसत म्हणाली, पण फोन ठेवल्यावर मला ते हसू बरं वाटलं नाही.

नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की तो आणि ती तिच्याकडे बऱ्यापैकी शाबूत आहेत. सगळ्यात आधी निघालंय ते 'ते'. लॅटिन बोलणाऱ्यांकडून जे कित्येक पिढ्यांत निसटलं तेच आमच्या घरात पाच-सहा वर्षांत निसटतंय. रोममध्येही कोणी ठरवून नपुंसकलिंग टाकलं नसणार. कोणाच्या तरी नातीने असंच म्हटलं असेल, आणि त्या आजीनेही हसून सोडून दिलं असेल.

म्हणून मी जुने पुठ्ठे पुन्हा काढलेत. या वेळी पिवळी चिठ्ठीही केलीय, 'ते' ची. रविवारी सकाळी अर्धा तास. आता ती मोठी झालीय, तिला खेळ नको, कारणं लागतात. मागच्या रविवारी तिने विचारलं, "मी तर ती आहे ना? मग आजी मला 'जेवलं का माझं पोर' असं का म्हणते? ते चूक नाही का?"

मी तिला सांगितलं की चूक नाही. मराठीत लहान मुलाला, बाळाला, पोराला मुलगा किंवा मुलगी ठरवण्याआधीच हाक मारता येते. इटालियनमध्ये बाळ म्हणायचं तरी बाम्बीनो की बाम्बीना ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर शब्दच पुढे सरकत नाही. आपल्याकडे ते नुसतं आपलं असतं, जेवलं, झोपलं, रुसलं. आणि माणूस कितीही मोठं झालं तरी आजीला त्याला तसंच म्हणावंसं वाटतं. ते व्याकरणात नपुंसकलिंग आहे, पण तोंडात ती माया आहे.

ती थोडा वेळ पिवळी चिठ्ठी हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आजी गेल्यावर मला असं कोणीच म्हणणार नाही?"

मी म्हणेन, असं मी तिला सांगितलं. आणि तू पुढे कोणाला तरी म्हण. त्यासाठी तुला 'घर मोठं आहे' म्हणता यायला हवं, तिथूनच सुरुवात होते.

असो. येत्या रविवारी पाणी, दूध आणि घर यांची उजळणी आहे.